वंध्यत्वोपचारातील शस्त्रक्रिया : परवाना, तपासणी आणि आपले कर्तव्य

अपत्यप्राप्तीसाठी वैद्यकीय उपचार घेणारी दाम्पत्ये आपल्या समाजात आता दुर्मिळ राहिलेली नाहीत. तरीही व्यापारी घरात ही गोष्ट बहुधा चार भिंतींच्या आतच राहते. दुकानाचे भाडेपत्र करताना दहा जणांचा सल्ला घेणारे घर या बाबतीत कुणालाच काही विचारत नाही. कुणाच्या तरी ओळखीने एका केंद्राचे नाव कळते, रक्कम ठरते, सुनेला इंजेक्शने सुरू होतात आणि एके दिवशी सकाळी तिला उपाशीपोटी शस्त्रक्रियागृहात नेले जाते. ती जागा कोणी तपासली आहे, भूल देणारा कोण आहे, काही बिघडले तर जाब कोणाला विचारायचा, हे प्रश्न त्या संकोचात विचारायचे राहून जातात. या लेखाचा विषय तेच प्रश्न आहेत.

टेस्ट ट्यूब बेबी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काचेची नळी आणि सूक्ष्मदर्शक येतो. त्यामुळे हा सारा उपचार प्रयोगशाळेतच होतो, असा समज रूढ झाला आहे. वस्तुतः त्याच्या मध्यभागी एक शस्त्रक्रिया असते. स्त्रीच्या बीजांडकोशात एका महिन्यात सामान्यतः एकच बीज परिपक्व होते. उपचारात सुमारे दहा ते बारा दिवस संप्रेरकांची इंजेक्शने देऊन एकाच वेळी अनेक बीजे वाढविली जातात. सोनोग्राफीने त्यांची वाढ पाहिली जाते. शेवटचे इंजेक्शन ठरलेल्या घटकेला दिल्यावर सुमारे छत्तीस तासांनी, सोनोग्राफीच्या आधाराने, योनिमार्गातून लांब सुई बीजांडकोशापर्यंत नेऊन बीजे शोषून घेतली जातात. सारे काम अर्ध्या तासाच्या आत आटोपते आणि बहुतेक स्त्रिया त्याच दिवशी घरी येतात.

काम थोड्या वेळाचे असले तरी त्यात भूल आहे, सुई आहे, आणि सुईच्या शेजारी आतडे, मूत्राशय व रक्तवाहिन्या आहेत. रक्तस्राव, जंतुसंसर्ग किंवा शेजारच्या अवयवाला इजा होणे हे धोके विरळ असले तरी खरे आहेत. त्याहून वेगळा धोका संप्रेरकांचा. बीजांडकोश प्रमाणाबाहेर उत्तेजित झाले तर पोटात पाणी साचते, रक्त दाट होते, लघवी कमी होते, श्वास लागतो, आणि क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊन जिवावर बेतते. ही लक्षणे बीजे काढल्यानंतर काही दिवसांनी, रुग्ण घरी असताना, दिसू शकतात. पुरुषाच्या वीर्यात शुक्राणू नसतील तर वृषणातून सुईने ते काढावे लागतात. तीही शस्त्रक्रियाच. म्हणून ज्या केंद्रात हे चालते, त्याच्या प्रयोगशाळेइतकीच त्याच्या शस्त्रक्रियागृहाचीही तपासणी झाली पाहिजे.

अमेरिकेतील एक धडा

ही तपासणी ढिली पडली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण अमेरिकेत घडले. ते न्यायालयात सिद्ध झालेले आहे. कनेक्टिकट राज्यात येल या जगप्रसिद्ध विद्यापीठाचे वंध्यत्वोपचार केंद्र आहे. तेथे बीजे काढताना वेदनाशमनासाठी फेंटॅनिल हे तीव्र औषध दिले जात असे. हे औषध व्यसन लावणारे असल्याने त्याची खरेदी, साठा आणि वापर यांची काटेकोर नोंद ठेवणे तेथील कायद्याने बंधनकारक आहे. २०२० च्या जून ते ऑक्टोबर या काळात तेथील एका परिचारिकेने, जिच्याकडे या औषधाची मागणी आणि साठ्याची देखरेख होती, कुप्यांतील औषध स्वतःच्या व्यसनासाठी सुईने काढून घेतले आणि त्यांत मिठाचे पाणी भरून त्या पुन्हा साठ्यात ठेवल्या. त्या काळात रुग्णांसाठी वापरल्या गेलेल्या फेंटॅनिलपैकी सुमारे तीन चतुर्थांश औषधात अशी भेसळ होती, असे सरकारी पक्षाने न्यायालयात मांडले.

याचा अर्थ असा की अनेक स्त्रियांच्या शरीरात सुई गेली तेव्हा त्यांना वेदनाशामक पुरेसे मिळालेच नव्हते. काही जणी टेबलावर किंचाळल्या. औषध तर पूर्ण दिले आहे, मग हिला एवढे का दुखते, असे त्यांच्याविषयी मानले गेले. काही स्त्रियांनी स्वतःलाच दोष दिला : आपलीच सहनशक्ती कमी असावी. महिनोन् महिने ही तक्रार एका रुग्णाची, मग दुसऱ्या रुग्णाची अशी सुटीसुटी राहिली. ती एकत्र करून पाहणारी नजर नव्हती. परिचारिकेने २०२१ मध्ये गुन्हा कबूल केला. तिला झालेली शिक्षा अशी : चार शनिवार-रविवार तुरुंगवास, तीन महिने घरात स्थानबद्धता आणि तीन वर्षे देखरेख. औषधांच्या नोंदी नीट न ठेवल्याच्या आरोपावरून विद्यापीठाने २०२२ मध्ये सरकारशी तडजोड करून सुमारे ३ लाख ८ हजार डॉलर भरले.

व्यापारी वाचकाला या घटनेचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. ज्याच्या हाती माल, त्याच्याच हाती वही असली की साठा आणि नोंद जुळलेलीच दिसते. म्हणून जुन्या पेढ्यांवर कोठाराची किल्ली एकाकडे आणि वही दुसऱ्याकडे असे. शस्त्रक्रियागृहातील औषधाच्या कपाटालाही तोच नियम हवा : आलेल्या कुप्या, वापरलेल्या कुप्या आणि शिल्लक यांवर दोघांच्या सह्या, आणि अधूनमधून तिसऱ्याने न सांगता येऊन केलेली मोजणी. येलसारख्या नामांकित संस्थेत हे चुकू शकले. मोठे नाव आणि चकचकीत दालन यांनी तपासणीची उणीव भरून निघत नाही.

आपल्याकडील वाट

भारतात या विद्येचा आरंभ लवकर झाला. इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले, आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांनी भारतातील पहिले बाळ जन्माला आले. सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला. त्यांना न्याय मिळाला तो मृत्यूनंतर. महाराष्ट्राच्या वाट्याला याचे श्रेय आले ते ६ ऑगस्ट १९८६ रोजी. त्या दिवशी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारांमुळे एक कन्या जन्मली.

विद्या आली, पाठोपाठ केंद्रे आली. कायदा मात्र फार मागून आला. इंग्लंडने पहिल्या बाळानंतर समिती नेमली, १९९० मध्ये कायदा केला आणि १९९१ पासून स्वतंत्र प्राधिकरणाकडे परवाना व तपासणीचे काम सोपविले. हे प्राधिकरण केंद्रांना ठरावीक मुदतीत भेटी देते आणि आपले तपासणी अहवाल कोणालाही वाचता येतील असे प्रसिद्ध करते. केंद्रात घडलेला अनिष्ट प्रसंग प्राधिकरणास कळविणे बंधनकारक आहे, आणि अशा प्रसंगांची गांभीर्यानुसार वर्गवारी होते. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती चांगली होती, परंतु त्यांच्यामागे कायद्याचे बळ नव्हते. न पाळणाऱ्याला शिक्षा नव्हती.

त्या मोकळ्या काळाची किंमत कोणी मोजली? बहुधा गरीब घरच्या मुलींनी. ज्या स्त्रीची स्वतःची बीजे उपयोगी पडत नाहीत तिच्यासाठी दुसऱ्या स्त्रीची बीजे घेतली जातात, आणि त्या दुसऱ्या स्त्रीला तीच इंजेक्शने, तीच भूल व तीच सुई सोसावी लागते. २०१० मध्ये मुंबईत बीजदानानंतर दोन दिवसांत सतरा वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला. ते प्रकरण पुढे उच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१४ मध्ये दिल्लीत एका तरुण स्त्रीचा अशाच शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला. त्या दोघींना बाळ नको होते. बाळ दुसऱ्या कुणाच्या घरी यायचे होते.

कायदा काय सांगतो

सहायक प्रजनन तंत्रज्ञान (विनियमन) अधिनियम डिसेंबर २०२१ मध्ये संसदेने संमत केला आणि तो २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्याचे नियम जून २०२२ मध्ये निघाले. त्यातील मुख्य तरतुदी प्रत्येक घराला ठाऊक असाव्यात.

प्रत्येक केंद्राने आणि बीजपेढीने राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी केली पाहिजे. नोंदणीची मुदत पाच वर्षे आहे. केंद्रांचे दोन स्तर आहेत. पहिल्या स्तरावरील केंद्राला केवळ गर्भाशयात वीर्य सोडण्याचा साधा उपचार करता येतो. बीजे काढण्याची शस्त्रक्रिया व भ्रूण तयार करणे हे फक्त दुसऱ्या स्तरावरील केंद्रातच करता येते, आणि तेथे स्त्रीरोगतज्ज्ञ, भ्रूणतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ व समुपदेशक असावे लागतात. उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ यांच्या दरम्यान असावे. बीज देणारी स्त्री २३ ते ३५ वर्षांची असावी, तिने आयुष्यात एकदाच बीजदान करावे, आणि तिच्याकडून सातांहून अधिक बीजे काढू नयेत. तिच्यासाठी बारा महिन्यांचा विमा बीज घेणाऱ्या दाम्पत्याने उतरविला पाहिजे. लेखी संमतीवाचून कोणताही उपचार करता येत नाही. प्रत्येक केंद्रात तक्रार निवारण कक्ष असला पाहिजे, आणि झालेल्या उपचाराचा तपशील असलेले प्रमाणपत्र रुग्णाला दिले पाहिजे. नोंदी किमान दहा वर्षे जपून ठेवायच्या आहेत. लिंगनिवडीस सक्त मनाई आहे. त्यासाठी पाच ते दहा वर्षांची कैद किंवा दहा ते पंचवीस लाखांचा दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

सात बीजांच्या मर्यादेवर काही डॉक्टरांनी आक्षेप घेतला आहे. इंजेक्शनांनंतर किती बीजे वाढतील हे आधी नेमके सांगता येत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि वैद्यकीयदृष्ट्या त्यात तथ्य आहे. परंतु मर्यादेमागील हेतूही ध्यानात घेतला पाहिजे. एका दात्रीकडून जितकी अधिक बीजे तितका केंद्राचा लाभ अधिक, असे गणित झाले की इंजेक्शनांचे प्रमाण वाढविण्याचा मोह होतो, आणि त्याचा भार तिच्या शरीरावर पडतो.

कायदा आला म्हणून गैरप्रकार थांबले असे नाही. नियम निघाले त्याच जून २०२२ मध्ये तामिळनाडूतील इरोड येथे सोळा वर्षांच्या एका मुलीची बीजे वारंवार विकली गेल्याचे उघडकीस आले. आईलाच अटक झाली. मुलीचे वय वाढवून दाखविणारे बनावट आधार कार्ड वापरले गेले होते. राज्याच्या आरोग्य विभागाने चौकशी करून संबंधित रुग्णालयांवर कारवाई केली. जुलै २०२५ मध्ये सिकंदराबाद येथे एका दाम्पत्याला स्वतःचे म्हणून दिलेले बाळ जनुकीय चाचणीत त्यांचे नसल्याचे आढळले, आणि त्या केंद्राच्या परवान्याची मुदत पूर्वीच संपली होती, असे तपासात पुढे आले. दोन्ही ठिकाणी साधी गोष्ट चुकली होती. एकीकडे कागदावरचे वय समोरच्या मुलीशी ताडून पाहिले गेले नाही, दुसरीकडे परवान्यावरची तारीख पाहिली गेली नाही.

तपासणी म्हणजे काय असावे

प्राधिकरणाला केंद्रात जाऊन जागा, उपकरणे आणि नोंदी पाहण्याचा, तसेच नोंदणी स्थगित किंवा रद्द करण्याचा अधिकार आहे. या कायद्याखालील गुन्ह्याची दखल न्यायालय घेते ती अधिकृत यंत्रणेच्या लेखी तक्रारीवरून. म्हणून यंत्रणा जागी राहिली तरच कायदा जागा राहतो. तपासणी करणारा केवळ भिंतीवरचे प्रमाणपत्र पाहून परतला, तर त्याच्या भेटीचा उपयोग नाही.

खरी तपासणी शस्त्रक्रियागृहात सुरू होते. भूलतज्ज्ञ त्या दिवशी प्रत्यक्ष हजर होता की नोंदीत केवळ नाव आहे? प्राणवायूची सोय, हृदयाचे ठोके व रक्तातील प्राणवायू दाखविणारे यंत्र, आणि हृदय थांबल्यास लागणारी साधने चालू स्थितीत आहेत काय? व्यसन लावणाऱ्या औषधांची वही आणि कपाटातील शिल्लक जुळते काय? रुग्णाला वेदना झाल्याची नोंद कागदपत्रांत आहे काय, की सगळ्याच स्त्रियांपुढे एकसारखे ‘ठीक’ लिहिलेले आहे? एकाच दात्रीचे छायाचित्र वेगवेगळ्या नावांनी तर दिसत नाही? रात्री कोणी अत्यवस्थ झाले तर तिला जवळच्या मोठ्या रुग्णालयात नेण्याची व्यवस्था ठरलेली आहे काय? ही भेट पूर्वसूचना न देता व्हावी, आणि तिचा अहवाल नागरिकांना वाचता यावा. इंग्लंडमध्ये जे घरबसल्या वाचायला मिळते, ते आपल्याकडेही मिळावे अशी मागणी समाजाच्या संस्थांनी शासनाकडे करण्यास काहीच हरकत नाही. आपल्यातील अनेक दानशूर घरांनी रुग्णालये उभारली आहेत. त्यांच्या विश्वस्तांनी आपल्या संस्थेपासून हा पायंडा पाडला, तर इतरांना तो टाळणे कठीण जाईल.

घरातून विचारायचे प्रश्न

शासनाची तपासणी होईल तेव्हा होईल. तोपर्यंत प्रत्येक कुटुंबाला स्वतःपुरती तपासणी करता येते. पहिल्या भेटीत, रक्कम भरण्यापूर्वी, पुढील गोष्टी विचाराव्यात आणि शक्यतो लिहून घ्याव्यात.

१. केंद्राची नोंदणी कोणत्या स्तराची आहे व ती कोणत्या तारखेपर्यंत आहे? प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेले असावे. ते वाचून तारीख पाहावी.

२. बीजे कोण काढणार आणि भूल कोण देणार? दोघांची नावे आधी कळावीत. भूलतज्ज्ञाने रुग्णाला आधी तपासून तिच्या पूर्वीच्या आजारांची व औषधांची विचारपूस करावी.

३. शस्त्रक्रियेच्या वेळी वेदना झाल्यास ती कोणाला व कशी सांगावी, आणि ती सांगितल्यावर काय केले जाईल?

४. घरी आल्यावर पोट फुगणे, लघवी कमी होणे, श्वास लागणे किंवा ताप येणे असे झाल्यास रात्री कोणत्या क्रमांकावर कोण भेटेल?

५. ठरलेल्या रकमेत काय येते आणि काय येत नाही? औषधे, भूल, भ्रूण गोठविणे व दरवर्षीचे साठवण शुल्क यांचा वेगवेगळा तपशील आणि पक्की पावती मागावी.

६. उरलेल्या भ्रूणांचे काय होणार? कायद्याने साठवणीची कमाल मुदत दहा वर्षे आहे. त्यानंतरचा निर्णय संमतिपत्रावर लिहिलेला असतो. जीवाविषयी आपली श्रद्धा लक्षात घेता हा प्रश्न शेवटच्या दिवसावर सोडू नये. किती भ्रूण तयार करावेत याची चर्चा पती-पत्नीने डॉक्टरांशी आधीच करावी.

७. दात्रीची बीजे घ्यावयाची असल्यास तिचा विमा कोणत्या कंपनीचा, किती रकमेचा व कोणत्या तारखेपासून आहे? प्रीमियमची पावती आपल्याकडे असावी.

यांत आपल्या घरांपुरती एक गोष्ट जोडावी लागेल. चौविहार, आयंबील, पर्युषण किंवा दशलक्षण पर्वातील उपवास, विशेषतः निर्जल उपवास, हे डॉक्टरांपासून लपवू नयेत. इंजेक्शनांच्या दिवसांत आणि बीजे काढल्यानंतरच्या आठवड्यात शरीरातील पाण्याचे मान सांभाळणे आवश्यक असते. भूल देण्यापूर्वी उपाशी राहण्याचा नियम वेगळा, आणि व्रताचा उपवास वेगळा. उपचाराची तारीख पर्वाच्या आधी किंवा नंतर घेता येते, आणि व्रताविषयी गुरुजनांचे मार्गदर्शनही घेता येते. गप्प राहून दोन्ही एकदम पार पाडण्याचा अट्टहास मात्र जिवावर बेतू शकतो.

दान या शब्दाची जबाबदारी

बीजदान या शब्दात दान आहे. आपल्या परंपरेत दानाचे मोल देणाऱ्याच्या भावावर आणि घेणाऱ्याच्या विवेकावरही ठरते. ज्या मुलीला आपण काय देत आहोत हे कोणी नीट समजावले नाही, जिच्या वयाचा कागद खोटा आहे, जिला मध्यस्थाने कर्जाच्या बदल्यात आणून उभे केले आहे, तिने दिलेल्याला दान म्हणणे कठीण आहे. ती कोण आहे हे गोपनीयतेमुळे आपल्याला कळणार नाही, आणि कळूही नये. परंतु ती तेवीस वर्षांची झाली आहे, हे तिचे पहिलेच दान आहे, तिचा विमा उतरविला आहे आणि शस्त्रक्रियेनंतर तिला कोणीतरी तपासणार आहे, याची लेखी खात्री केंद्राकडून मागण्याचा हक्क आपल्याला आहे. ही खात्री न देणाऱ्या केंद्रातून उठून यावे, मग यशाची टक्केवारी कितीही मोठी सांगितलेली असो.

आणि घरातील सुनेविषयी. उपचार बहुधा तिच्या शरीरावर होतात, दोष पुरुषाकडे असला तरीही. शुक्राणूंची संख्या कमी असताना प्रयोगशाळेत फलन करावयाचे झाले, तरी इंजेक्शने तिलाच घ्यावी लागतात. म्हणून दोघांच्याही तपासण्या झाल्याखेरीज उपचाराला होकार देऊ नये, आणि किती वेळा प्रयत्न करायचा हे ठरविण्यात तिचा शब्द शेवटचा असावा. तिने दुखते म्हणून सांगितले तर ते खरे मानावे. येलच्या स्त्रियांना नेमके हेच मिळाले नाही, आणि त्यांचे दुखणे ऐकले गेले असते तर कुप्यांतील पाणी कितीतरी आधी उघड झाले असते.